पी ०४२० आला म्हणून लगेच कॅटकॉन बदलू नका: आमच्या जुन्या गाडीचा अनुभव

गाडीच्या कॉम्प्युटरने पी ०४२० हा दोषाचा कोड दिला की दहातले नऊ जण एकच सांगतात, कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनमधून येणारा विषारी धूर साफ करणारा एक्झॉस्टमधला डबा) गेला, बदलून टाका. आमच्या गाडीचा खरंच गेला होता आणि शेवटी बदललाच, पण मधल्या काळात जे जे तपासलं ते तपासलं नसतं तर नवा कॅटकॉनसुद्धा वर्षभरात तसाच जळला असता अशी माझी खात्री आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. ज्यांची गाडी जुनी आहे, पेट्रोलवर आहे आणि डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनचा दिवा लागलाय, त्यांना उपयोग होईल.

गाडी चार सिलिंडरची, लाखाच्या बरीच पुढे चाललेली, घरात सगळेच चालवतात. आधी फक्त चेक इंजिन लाइट लागला, बाकी काहीच जाणवत नव्हतं. मग हळूहळू पिकअप कमी झाला, म्हणजे शहरात ठीक पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला तरी गाडी एका ठरावीक आरपीएमच्या पुढे जायलाच तयार नाही, जणू कोणीतरी मागून धरून ठेवलंय. मायलेज उतरलं. लांबून आल्यावर गाडी उभी केली की खालून तापलेल्या लोखंडाचा वास आणि कधी कधी सडक्या अंड्यासारखा वास. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, पेट्रोलमधल्या सल्फरपासून कॅटकॉनमध्ये तयार होतो, मिक्श्चर रिच असलं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) किंवा कॅटकॉन नीट काम करत नसला की नाकाला कळतो.

ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे वाचणारं छोटं यंत्र) आणि मोबाइलवर एक अ‍ॅप, एवढ्यावर सुरुवात केली. कोड एकच, पी ०४२०. त्याचा अर्थ नीट वाचा, ‘कॅटॅलिस्टची (म्हणजे कॅटकॉनची) कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी, बँक १’ (बँक म्हणजे सिलिंडरची रांग, चार सिलिंडरच्या आमच्या गाडीत एकच). कॅटकॉन बदला असं तो कुठेही म्हणत नाही. गाडीचा कॉम्प्युटर कॅटकॉनच्या आत डोकावून बघू शकत नाही, तो कॅटकॉनच्या आधीच्या (पुढच्या) आणि नंतरच्या (मागच्या) ऑक्सिजन सेन्सरची तुलना करतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. त्यामुळे त्या दोन सेन्सरच्या वाचनात गडबड करणारी कुठलीही गोष्ट हा कोड आणू शकते.

हे समजायला आतली रचना थोडी माहीत हवी. स्टीलच्या डब्यात सिरॅमिकची जाळी असते, बारीक बारीक चौकोनी भोकांची, एका चौरस इंचात साधारण ४०० भोकं. त्यावर अ‍ॅल्युमिनाचा खरखरीत थर आणि त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. हे धातू कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळून त्याचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात आणि नायट्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन सोडतात. दोन्ही कामं एकदम व्हायची तर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ पाहिजे, आणि ते तसं तंतोतंत राहत नाही, सतत थोडं इकडेतिकडे होत राहतं. म्हणून त्या थरात सेरियमचं ऑक्साइड पण असतं, हवा जास्त झाली की ते ऑक्सिजन साठवतं, कमी झाली की सोडतं. मला या सगळ्यात सेरियमचं काम सगळ्यात आवडलं, कारण पूर्ण निदान त्याच्यावरच उभं आहे. पुढचा सेन्सर वर-खाली होत राहणार, ०.१ व्होल्टपासून ०.९ व्होल्टपर्यंत, पण कॅटकॉन चांगला असेल तर ऑक्सिजनची ही चढउतार आतच जिरते आणि मागचा सेन्सर ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ रेषेत चालतो. साठवण संपली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करायला लागतो. (नवीन गाड्यांमध्ये पुढे वेगळ्या प्रकारचा, वाइडबँड सेन्सर असतो, त्याचे आकडे असे दिसत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.)

इंजिन पूर्ण गरम करून २५०० आरपीएमला दोन-तीन मिनिटं धरलं आणि दोन्ही सेन्सरचा ग्राफ एकावर एक लावला. मागचा सेन्सर पुढच्याबरोबर नाचत होता. अगदी तितका उंच नाही, पण ताल तोच.

इथेच थांबून पार्ट ऑर्डर करता आला असता. आमचे नेहमीचे मेकॅनिक ग्राफ बघून तेच म्हणाले, "ताई, स्पष्टच दिसतंय, कॅट बदलून टाका, कोड जाईल." माणूस अनुभवी आहे आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं की दादा, पण गेला कशाने? कारण कॅटकॉन सहसा आपणहून खराब होत नाही, इंजिनातून जे येतं त्याने तो खराब होतो. ऑइल जळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस थरावर बसतो, कूलंट गळून आत जात असेल तर त्यातला सिलिकॉन बसतो, पेट्रोल न जळता येत असेल तर ते कॅटकॉनमध्ये जळतं आणि जाळी वितळते. कारण आहे तसं राहिलं तर नवा पार्ट त्याच वाटेने जाणार. दादा दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे, तुम्ही बघा काय सापडतंय, मी प्रेशर मोजायचा गेज काढून ठेवतो."

पहिली शंका लीकेजची. एक्झॉस्टमध्ये सेन्सरच्या आधी कुठे फट असेल तर धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला वाटतं ऑक्सिजन वाढला. हे शोधायची सोपी वेळ म्हणजे सकाळी गाडी थंड असताना स्टार्ट करून लगेच, कारण गरम झाल्यावर धातू फुगतो आणि बारीक फटी बुजतात. शिवाय जॉइंटजवळ काजळीची रेघ दिसते का बघायची. आमच्या मागच्या सेन्सरच्या जरा आधीच्या जॉइंटला अशी रेघ होती, व्हॅक्युम क्लीनरची हवा सायलेन्सरमधून उलटी सोडून साबणाचं पाणी शिंपडलं तर बुडबुडे आले. पॅकिंग बदललं. ग्राफ थोडा शांत झाला, पण थोडाच, आणि कोड परत आला. म्हणजे लीकेज होतं, ते काढायलाच हवं होतं, पण मूळ दुखणं ते नव्हतं.

मग फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटरला पेट्रोल किती वाढवावं किंवा कमी करावं लागतंय त्याची टक्केवारी. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म मिळून दहा टक्क्यांच्या वर किंवा खाली गेले तर मिक्श्चरमध्ये गडबड आहे समजायचं. आमचे पाचच्या आत. इंजेक्टर गळणं, हवेचं सेन्सर घाण होणं वगैरे गोष्टी बऱ्यापैकी बाजूला पडल्या.

मागचा सेन्सर खोटं बोलतोय का हेही बघितलं, कारण पी ०४२० आला की खूप जण सेन्सरच बदलतात आणि पैसे वाया जातात. तपासणं सोपं आहे. चालत्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय पूर्ण सोडला की पेट्रोल तुटतं, सेन्सरने शून्याच्या जवळ यायला पाहिजे, आणि एकदम रेस केली की वर जायला पाहिजे. आमचा दोन्हीकडे व्यवस्थित गेला. मरत आलेला सेन्सर उलट सुस्त असतो, सरळ रेषेत राहतो, इतक्या उत्साहाने नाचत नाही.

आता पिकअपचं काय? हा मुद्दा बरेच जण एकत्र करतात पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅटकॉनची ताकद संपली की कोड येतो, गाडी मात्र छान पळते. कॅटकॉन चोंदला की गाडी पळत नाही, आणि कोड येईलच असं नाही. आमच्याकडे दोन्ही दिसत होतं म्हणून बॅकप्रेशर, म्हणजे बाहेर न जाऊ शकलेल्या धुराचा उलटा दाब, मोजणं भाग होतं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात अडॅप्टर लावून दादांनी गेज बसवला. चांगल्या गाडीत आयडलिंगला साधारण सव्वा पीएसआयच्या आत आणि २५०० ला तीनच्या आत राहायला पाहिजे. आमची सुई आयडलला दोनच्या वर, आणि रेस केल्यावर सहाच्या पुढे जाऊन तिथेच. जळलेला वायू बाहेर जायला जागाच नाही, मग सिलिंडरमध्ये नवी हवा येणार कुठून. दादा खाली वाकून रबरी हातोडीने डब्यावर हलकेच मारून बघत होते, आत खुळखुळ आवाज आला. जाळी सुटलेली.

इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं आणि मागचं तापमान मोजायची पद्धत पण खूप सांगितली जाते, मागची बाजू जास्त गरम पाहिजे वगैरे. आम्ही मोजलं, पण त्याच्यावर काही ठरवू नका असं माझं मत आहे, मिक्श्चर चांगलं सांभाळणाऱ्या इंजिनात चांगल्या कॅटकॉनलाही फरक फार दिसत नाही, शिवाय हीट शील्ड आणि गंजामुळे आकडा कुठलाही येतो.

चोंदलेला आणि सुटलेला, म्हणजे वितळलेला असण्याची शक्यता जास्त, म्हणजे न जळलेलं पेट्रोल. पण मिसफायरचा (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटण्याचा) कोड नाही! इथे अ‍ॅपमधला एक कोपरा कामाला आला जो सहसा कोणी उघडत नाही, मोड ६. कॉम्प्युटर आतल्या आत ज्या चाचण्या घेत असतो त्यांचे कच्चे आकडे तिथे दिसतात, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये सिलिंडरनुसार मिसफायर किती झाले तेही. एक, दोन, चार नंबरला शून्य. तीन नंबरला आकडा होता, कोड यायच्या मर्यादेच्या खाली, पण होता. घरात विचारलं तेव्हा माझ्या भावाला आठवलं की मोठा चढ चढताना तो पिवळा दिवा काही क्षण ब्लिंक होऊन परत शांत झाला होता. दिवा ब्लिंक होणं म्हणजे कॅटकॉन जळेल इतकं मिसफायर आत्ता चालू आहे, त्या क्षणी पाय हलका करायचा आणि जमेल तितक्या लवकर बाजूला घ्यायचं, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे आणि दुर्दैवाने कोणी शिकवत नाही. कॅटकॉन २५०-३०० डिग्री सेल्सिअसला काम सुरू करतो, एरवी ४०० ते ८०० च्या दरम्यान चालतो, आणि कच्चं पेट्रोल आत येऊन जळायला लागलं की हजाराच्या पुढे सहज जातो. जाळीचं सिरॅमिक १४०० च्या आसपास वितळतं.

तीन नंबरची कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) काढून एक नंबरला लावली आणि एकची तीनला. परत चालवून आणली, मिसफायर एक नंबरला गेला. कॉइल दोषी. पण कॉइल काढतानाच खरी गोष्ट दिसली होती, प्लगच्या खड्ड्यात इंजिन ऑइल साचलेलं. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट कडक होऊन गळत होतं, ते ऑइल तीन नंबरच्या खड्ड्यात उतरत होतं, त्याने कॉइलचं रबरी बूट फुगून मऊ झालेलं, आणि प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर काळी बारीक रेघ, ठिणगी टोकाला न जाता तिथून पळत होती. जास्त लोड आला की मिस, बाकी वेळ ठीक. म्हणजे साखळी अशी: एक रबरी गॅस्केट, त्यातून ऑइल, त्यातून कॉइल, त्यातून कच्चं पेट्रोल, आणि शेवटी त्या अख्ख्या साखळीतला सगळ्यात महाग पार्ट वितळला. मला ते बघून खरंच वाईट वाटलं, आणि त्याचबरोबर सगळं एका ओळीत लागल्याचा आनंदही झाला, दोन्ही एकदम.

गॅस्केट, चारही प्लग, ती कॉइल आणि बाकी तिघांचे बूट बदलले. व्हॉल्व्ह कव्हरच्या कोपऱ्यात जिथे सीलंट लावावं लागतं तिथे ऑक्सिजन सेन्सरला चालेल असं लिहिलेलंच सीलंट वापरलं, साध्या सिलिकॉन सीलंटची वाफ इंजिनातून सेन्सरपर्यंत जाऊन त्याला खराब करते. ऑइल जळतंय का तेही बघून घेतलं, प्लगच्या टोकावर राखेसारखा थर नव्हता, कूलंटची पातळी पण खाली जात नव्हती. एवढं झाल्यावर मग मोड ६ मध्ये चारही आकडे शून्य, आणि तेव्हाच नवा कॅटकॉन मागवला.

मधल्या काळात सल्ले भरपूर मिळाले. टाकीत क्लीनर टाका, हा एक. पातळ काजळीचा थर असेल तर गोष्ट वेगळी, वितळलेली जाळी कुठल्याही बाटलीने परत उघडत नाही. दुसरा सल्ला जास्त ऐकू आला आणि त्याचा मला मनापासून राग आहे, ‘आतली जाळी फोडून डबा रिकामा करा, पिकअप मस्त येईल’. पिकअप येईल, हो. आणि कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड सगळं थेट मागे चालणाऱ्याच्या, सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या दुचाकीवाल्याच्या नाकात जाईल, पोल्युशन चाचणीत गाडी अडकेल आणि मागचा सेन्सर बसलेलाच आहे त्यामुळे कोडही जाणार नाही. कृपा करून करू नका.

नवा घेताना बघायचं ते एवढंच की आपल्या इंजिनच्या आणि आपल्या गाडीच्या एमिशन नॉर्मच्या (प्रदूषणाच्या मानकाच्या) पार्ट नंबरशी जुळतोय का. स्वस्त पार्ट बाहेरून हुबेहूब दिसतो पण आत प्लॅटिनम, पॅलेडियम कमी असतं, काही महिन्यांत पी ०४२० परत. वापरलेला जुना घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं, त्याच्या इंजिनने काय जाळलंय कोण सांगणार. कापून वेल्डिंग करायचे युनिव्हर्सल पण मिळतात, आम्ही थेट बोल्टवर बसणारा घेतला, दोन्ही टोकांच्या फ्लँजसकट (बोल्ट लावायच्या चपट्या कडा).

काढणं हा या कामातला सगळ्यात त्रासाचा भाग, कारण इतक्या वर्षांच्या उष्णतेने आणि पाण्याने सगळे नट एकजीव झालेले. दादांनी आदल्या दिवशीच सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी परत एकदा. गाडी लिफ्टवर (घरी करणार असाल तर नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, पक्के स्टँड लावा). सेन्सर आधी काढले, २२ नंबरचा फटीवाला सॉकेट लागतो कारण वायर मधून जावी लागते, आणि एक्झॉस्ट किंचित कोमट असताना सेन्सर सोपा निघतो, पार थंड असताना आटे ओढून घेऊन येतो. मागचा निमूट निघाला. पुढच्या फ्लँजचा एक स्टड मात्र तुटला, दादांना त्याचं काही विशेष वाटलं नाही, "जुन्या गाडीत एक तरी तुटणारच ताई," म्हणाले आणि ड्रिल करून नवा बसवला. त्यात बराच वेळ गेला.

जुना हातात आल्यावर टॉर्च लावून आत बघितलं. पुढच्या तोंडाची अर्धी जाळी वितळून काचेसारखी चकचकीत झालेली, भोकं पूर्ण बंद. उरलेली तडकलेली, आणि मागच्या बाजूचा एक तुकडा जागेवर नव्हताच. तुकडा गेला कुठे हे विचारणं फार महत्त्वाचं आहे! तो पुढे वाहत जाऊन सायलेन्सरमध्ये अडकतो, आणि नवा कॅटकॉन बसवूनही गाडी तशीच जड राहते. दादांनी सायलेन्सर उतरवून उभा धरून हलवला तर सिरॅमिकचे खडे आणि चुरा खाली पडला.

बसवताना बाणाची दिशा बघा, डब्यावर कोरलेला असतो. पॅकिंग सगळी नवी, स्प्रिंगचे बोल्ट नवे, लोंबकळणारे रबरी हँगर पण नवे कारण जुने ताणलेले होते आणि मग सगळा भार जॉइंटवर येतो. सगळे बोल्ट आधी सैल लावून पाइप आपोआप सरळ बसू द्यायचा आणि मग पुढून मागे घट्ट करत यायचं. सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ पेस्ट (आटे पुढे जाम होऊ नयेत म्हणून) अगदी थोडी, टोकाला अजिबात लागू द्यायची नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा धूर आणि वास येतो, घाबरू नका, जाळी आणि डब्याच्या मधे एक गादी असते ती तापून फुगते आणि जाळीला घट्ट धरते, तिच्यातलं बाइंडर जळतं. म्हणून सुरुवातीला आयडलला गरम होऊ द्यायचं, मग सावकाश आरपीएम वाढवायचे, पहिल्याच मिनिटाला जोरात रेस करायची नाही. मग गेज परत लावला. आयडलला सुई जेमतेम हलली, २५०० ला एकच्या आसपास.

कोड पुसला की दिवा लगेच जातो पण त्याचा काही अर्थ नसतो. पुसल्यावर कॉम्प्युटरच्या सगळ्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ होतात आणि कॅटॅलिस्टची चाचणी साधारण सगळ्यात शेवटी पूर्ण होते, तिला थंड स्टार्ट, पूर्ण गरम इंजिन आणि एकसारख्या वेगाने चाललेला बराच मोकळा रस्ता लागतो. त्यात पी ०४२० बहुतेक गाड्यांमध्ये सलग दोन फेऱ्यांत नापास झाल्यावरच दिवा लावतो. त्यामुळे पोल्युशन चाचणीला जायच्या आधी अ‍ॅपमध्ये सगळे मॉनिटर, म्हणजे याच चाचण्या, पूर्ण झालेत का बघा आणि मधे बॅटरी काढू नका, काढली की परत पहिल्यापासून.

आमचा कॅटॅलिस्टचा मॉनिटर पूर्ण होऊन पास झाला. मागचा सेन्सर ०.६५ च्या आसपास शांत चालतो, पुढचा आपला नाचतोय. चढावर गाडी परत पहिल्यासारखी ओढते, वास गेला. जुना कॅटकॉन धातू काढून घेणाऱ्या रीसायकलरला न फोडता तसाच दिला, कारण आतल्या गादीच्या तंतूंची धूळ श्वासात जाणं चांगलं नाही, आणि त्यातलं प्लॅटिनम, पॅलेडियम परत वापरात येतं. आता लक्ष पुढच्या ऑक्सिजन सेन्सरवर आहे, तो गाडीबरोबर आलेलाच आहे आणि त्याचा वर-खाली व्हायचा वेग मंदावायला लागलाय, पुढच्या सर्व्हिसिंगला तो बदलायचं दादांशी ठरलंय.